भोंगा, घड्याळ आणि पीएफ

मागच्या वेळी आपण गिरणगावाबद्दल बोललो. आज मी जिथे राहतो त्या बेंगळुरूबद्दल बोलू. बाहेरगावच्या माणसाला हे शहर म्हणजे कॉम्प्युटरच वाटतं. पण त्याच्या कितीतरी आधी इथली घरं कारखान्याच्या भोंग्यावर चालत.

सुरुवात एका सोलापूरकराने केली. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर 1940 मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे एचएएल झाला. मग 1948 मध्ये टेलिफोन बनवणारी आयटीआय, 1953 मध्ये एचएमटी, 1954 मध्ये बीईएल. शेवटच्या दोन जालहळ्ळीला. महायुद्धात तिथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. आम्हा फौजी लोकांचं लक्ष अशा गोष्टींकडे आधी जातं, असो.

या कारखान्यांनी नुसता पगार दिला नाही. क्वार्टर, शाळा, दवाखाना, कँटीन, ने-आण करायला बस, सगळं दिलं. नोकरी एकाची, पण अख्खं घर तिच्यावर उभं. मुलीसाठी स्थळ बघताना ‘मुलगा फॅक्टरीत पर्मनंट आहे’ एवढं पुरे असे. भेलच्या कामगारांइतका पगार मिळावा म्हणून डिसेंबर 1980 मध्ये या कारखान्यांत संप झाला, तो 77 दिवस चालला. मुंबईच्या गिरणी संपाच्या वर्षभर आधीची ही गोष्ट. महाराष्ट्रात ती फारशी कुणाला आठवत नाही.

आता घड्याळाकडे येतो. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. मला कमिशन मिळालं तेव्हा वडिलांनी एचएमटीचंच घड्याळ दिलं. रोज चावी द्यावी लागते, पण अजून चालतं. त्या कारखान्यात सुटे भाग जोडायला बायका पुष्कळ होत्या. बारीक काम बायकांना चांगलं जमतं, असा जगभरच्या कारखानदारांचा समज. त्यांच्या जोडणीवर माझी सगळी नोकरी वेळेवर झाली. तरी हे घड्याळ कुणी जोडलं असेल, असं मला कधी वाटलं नाही. आणि घरी? नवरा कमावतो, बायकोचा हातभार लागतो, अशीच भाषा. पगार दोन्ही, शब्द मात्र वेगळे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 1983 मध्ये इन्फोसिस पुण्याहून इथे आली, 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. त्याबद्दल सगळेच बोलतात. त्याच काळात शहराच्या कडेने कपडे शिवणारे कारखाने वाढले, त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. तिथे बहुतेक बायकाच. क्वार्टर नाही, कंपनीची शाळा नाही. साठतो तो फक्त पीएफ.

जानेवारी 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. त्याच सुमारास पीएफचा नवा नियम आला: नोकरी सोडली तरी मालकाने भरलेला वाटा 58 वर्षांचे होईपर्यंत काढता येणार नाही. एप्रिलमध्ये हजारो शिवणकामगार बायका होसूर रोड, तुमकूर रोडवर उतरल्या. कुणी मोठा पुढारी नव्हता. दगडफेक झाली, लाठ्या पडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीने नियम मागे घेतला.

मी पेपर वाचत हिला म्हणालो, ‘म्हातारपणीचा पैसा आत्ताच काढायला भांडतात, काय हा अडाणीपणा.’ ही शिक्षिका. माझ्या बदल्यांपायी नऊ शाळा सोडल्या. आज पेन्शन मला आहे, तिला नाही. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘अहो, मी तेच करत आले की. पठाणकोटच्या पीएफमधून फ्रिज आला. जबलपूरच्या पीएफमधून तुमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.’

ऑपरेशन माझ्या पगारातून झालं, असं मी वीस वर्षं सांगत होतो. आईलाही तसंच सांगितलं होतं.