ट्रेकिंगसाठी सॅक कशी निवडायची? लिटर, पाठीचं माप, पट्टे आणि सामान लावण्याची पद्धत

फोन घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी, सगळं चार-चार वेळा तपासतो. सॅक घेताना मात्र "रंग चांगला आहे, कप्पे भरपूर आहेत, डिस्काउंट पण आहे" एवढ्यावर ऑर्डर टाकतो. मी सुद्धा तेच केलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ७० लिटरची एक सॅक ऑनलाइन मागवली आणि डिसेंबरमध्ये आम्ही चौघे राजगड-तोरणा करायला निघालो.

पहिल्या दिवशी गुंजवण्यातून राजगड चढतानाच खांद्यांना मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून तोरण्याच्या दिशेने सोंडेवरून चालत होतो. तिथे माझ्या रूममेटला दम लागला. साधा दम नाही, त्याला दमा आहे. त्याचा पंप सगळ्यांच्या औषधांसोबत माझ्या सॅकमध्ये होता आणि ती पिशवी होती तळाशी, स्लीपिंग बॅगच्याही खाली. सॅक वरूनच उघडायची होती. मी कपडे, भांडी, शिधा सगळं त्या मातीत उपसलं. पंप सापडायला पाच मिनिटं लागली असतील, पण तो समोर बसून श्वासासाठी धडपडत असताना ती पाच मिनिटं किती मोठी असतात ते मी विसरू शकत नाही. तो सावरला. वाटेत जो डांबरी रस्ता आडवा येतो तिथपर्यंत आम्ही हळूहळू आलो आणि गाडी पकडून परत फिरलो. तोरणा त्या वेळी राहिला.

तेव्हापासून सॅक हा विषय मी नीट समजून घेतला. २ ते ५ दिवसांच्या ट्रेकसाठी सॅक घेताना काय बघायचं, ते या लेखात एकेक करून पाहू.

१. किती लिटरची घ्यायची?

लिटर म्हणजे सॅकमध्ये किती जागा आहे त्याचं माप. अंदाज असा ठेवा:

- एक दिवसाचा ट्रेक: २० ते २५ लिटर
- एक मुक्काम, जेवण गावात किंवा गडावर मिळणार: ३५ ते ४० लिटर
- २ ते ३ दिवस, स्लीपिंग बॅग आणि थोडा शिधा सोबत: ४५ ते ५० लिटर
- तंबू, स्टोव्ह, शिधा सगळं स्वतःच वाहायचं किंवा हिमालयातला थंडीचा ट्रेक: ५५ ते ६५ लिटर

"मोठी घेऊन ठेवू, कधीतरी लागेल" हा विचार महागात पडतो. रिकामी जागा दिसली की आपण ती भरतोच. माझ्या ७० लिटरच्या सॅकमध्ये दोन जीन्स होत्या, यावरून काय ते समजा. शिवाय अर्धी रिकामी सॅक चालताना हलते आणि उतारावर तोल घालवते.

ऑनलाइन लिहिलेल्या लिटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही कंपन्या बाहेरचे जाळीचे खिसेही मोजतात, काही नाही. साधं गणित करा: लांबी × रुंदी × खोली सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १,००० ने भागा. ६० × ३० × २२ चं उत्तर येतं साधारण ४० लिटर. त्याच सॅकवर ६० लिटर लिहिलं असेल तर काहीतरी गडबड आहे.

२. पाठीचं माप: सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित

सॅकचा साइझ तुमच्या उंचीवर ठरत नाही. तो पाठीच्या लांबीवर ठरतो. सारख्याच उंचीच्या दोन मित्रांच्या पाठीची लांबी वेगळी असू शकते, कारण एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब.

माप असं घ्या (मदतीला कुणीतरी लागेल):

- मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी जे हाड सगळ्यात जास्त वर येतं तो पहिला बिंदू.
- दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे पाठीकडे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेष जिथे मणक्याला छेदते तो दुसरा बिंदू.
- या दोन बिंदूंमधलं अंतर शिंप्याच्या टेपने, पाठीच्या वळणाला धरून मोजा.

हे माप कंपनीच्या साइझ चार्टशी ताडून बघा. १८ इंच म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या आसपास बहुतेक ठिकाणी मध्यम साइझ येतो, पण प्रत्येक कंपनीचा चार्ट वेगळा असतो. फोनच्या कॅमेऱ्याने मोजणारी अ‍ॅप्स इथे वापरू नका. त्यांत एक-दोन इंचांचा फरक सहज पडतो आणि इथे तेवढ्यानेच साइझ बदलतो.

काही सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वर-खाली करून लांबी बदलता येते. पहिलीच सॅक असेल किंवा घरात दोघे-तिघे वापरणार असाल तर अशीच घ्या. मुलींसाठी वेगळी मॉडेल्स मिळतात. त्यांत पाठ आखूड, खांद्याचे पट्टे जास्त वळलेले आणि कमरेच्या पट्ट्याचा कोन वेगळा असतो. तो फरक फक्त रंगाचा नाही, त्यामुळे घालून बघाच.

३. वजन खांद्यावर नको, कमरेवर हवं

इथे अकरावीचं भौतिकशास्त्र कामाला येतं. सॅकचं वजन पाठीपासून जितकं लांब, तितकी ती तुम्हाला मागे ओढते. अंतर दुप्पट झालं तर ओढही दुप्पट. ती ओढ सांभाळायला आपण पुढे वाकतो आणि मग मान आणि खांदे भरून येतात. चांगल्या सॅकचं काम दोन गोष्टींचं: वजन पाठीजवळ ठेवायचं आणि त्यातला मोठा भाग कमरेच्या हाडांवर उतरवायचा. त्यासाठी हे भाग बघा:

- फ्रेम: पाठीच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा कडक प्लास्टिकचा पत्रा असतो. वजन कमरेपर्यंत पोहोचवणारा खांब हाच. १० किलोच्या आसपास वाहायचं असेल तर फ्रेम नसलेली सॅक घेऊ नका.
- कमरेचा पट्टा: रुंद आणि जाड गादीचा हवा. नुसती नायलॉनची पट्टी असेल तर ती फक्त सॅक हलू देत नाही, वजन उचलत नाही. माझ्या ७० लिटरच्या सॅकला तीच होती.
- खांद्यावरचे ओढपट्टे: खांद्यांच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे. ते ओढले की सॅकचा वरचा भाग पाठीला चिकटतो. साधारण ४५ अंशांच्या कोनात असले की बरोबर बसले.
- छातीचा पट्टा: खांद्याचे पट्टे बाहेर घसरू देत नाही. बऱ्याच सॅकमध्ये त्याच्या बक्कलला शिट्टी असते. धुक्यात चुकामूक झाली तर ती ओरडण्यापेक्षा जास्त कामाची.

पट्टे आवळण्याचाही क्रम असतो. आधी सगळे सैल करा. मग कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर आवळा. त्यानंतर खांद्याचे, मग ओढपट्टे, शेवटी छातीचा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सरकवून बघा. सहज सरकली तर वजन कमरेवर गेलंय.

४. कापड, चेन आणि पाऊस

वर्णनात २१०डी, ४२०डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. अंगाला २१०डी चालतं, पण तळ जाड कापडाचाच हवा, कारण सह्याद्रीत आपण सॅक कातळावर टेकवतो, घसाऱ्यावर बसून उतरतो आणि करवंदाच्या जाळीतून घुसतो.

"वॉटर रेझिस्टंट" म्हणजे वॉटरप्रूफ नाही. शिवणीतून आणि चेनमधून पाणी येतंच. रेनकव्हरही अर्धाच उपाय, कारण पाठीकडची बाजू उघडी राहते आणि सोंडेवरच्या वाऱ्यात कव्हर उडून जातं. खरा उपाय स्वस्त आहे: सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. फोन, पॉवर बँक आणि औषधं वेगळ्या झिपलॉक पिशव्यांत.

चेन दुकानात दहा वेळा उघड-बंद करा, विशेषतः कोपऱ्यावर. ट्रेकमध्ये चेन तुटली तर दुरुस्ती नसते, सुतळीने बांधायचं एवढंच.

५. कप्पे किती हवेत?

जास्त कप्पे म्हणजे जास्त व्यवस्थित, हा गैरसमज आहे. पंधरा कप्पे असले की चार्जर नेमका कुठे ठेवला हेच आठवत नाही. मला एवढे पुरतात:

- वरच्या झाकणात एक कप्पा
- दोन बाजूंना बाटलीचे खिसे, सॅक न काढता हात पोहोचेल असे
- कमरेच्या पट्ट्यावर एक-दोन छोटे खिसे
- मुख्य कप्प्याला वरून आणि खालून किंवा समोरून, असं दोन्हीकडून तोंड

हा शेवटचा मुद्दा सोडू नका. त्या दिवशी माझ्या सॅकला खालून चेन असती तर पाच मिनिटांऐवजी दहा सेकंद लागले असते.

६. सामान लावायची पद्धत

- तळाशी: मुक्कामावरच लागणारं. स्लीपिंग बॅग, रात्रीचे कपडे.
- मध्ये, पाठीला चिकटून: जड सामान. शिधा, भांडी, जास्तीचं पाणी.
- मध्ये, बाहेरच्या बाजूला: हलकं सामान. कपडे, टॉवेल.
- वर: पावसाचं जॅकेट, दुपारचा डबा.
- झाकणात: टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी.
- कमरेच्या खिशात: फोन, चिक्की आणि ज्याचं औषध त्याच्याजवळ.

आमच्या ग्रुपमध्ये आता नियमच आहे: पंप, गोळ्या, इंजेक्शन ज्याचं त्याने स्वतःच्या कमरेच्या खिशात ठेवायचं आणि तो खिसा कुठला ते निघतानाच सगळ्यांना दाखवायचं.

एकूण वजन स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा. ६० किलोच्या माणसाला १२ किलो. यात पाणीही धरा: १ लिटर म्हणजे १ किलो. राजगड-तोरण्याच्या सोंडेवर पाण्याचा भरवसा नसतो, त्यामुळे ३ लिटर तरी घ्यावंच लागतं. रिकामी सॅकच अडीच किलोची असेल तर उरलं किती, ते बघा.

७. पॉवर बँक किती मोठी?

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५,००० एमएएचचा फोन दोनदा चार्ज होत नाही. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ३७ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि हातात साधारण दीड चार्ज उरतो. दोन दिवसांसाठी तेवढा पुरतो. गडावर सिग्नल शोधण्यात फोनची बॅटरी लवकर संपते. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या आणि चालताना एअरप्लेन मोड लावा, जीपीएस तरीही चालतं. हिमालयात विमानाने जात असाल तर पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, केबिन बॅगेतच ठेवा. कडाक्याच्या थंडीत रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरीची ताकद कमी होते.

विकत घेण्याआधी

दुकानात रिकामी सॅक घालून काहीच कळत नाही. आत ८-१० किलो वजन टाकायला सांगा, नाहीतर घरून पाण्याच्या बाटल्या न्या. पंधरा मिनिटं चाला, जिना चढा-उतरा, एकदा खाली बसून उठा. ऑनलाइन घेतली तर टॅग न काढता घरातच हा प्रयोग करा आणि पटली नाही तर परत करा. पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्याने मिळतं. पहिल्या ट्रेकला भाड्याची सॅक नेली तर आपल्याला नेमकं काय हवंय ते दोन दिवसांत समजतं.

पैसे कमी असतील तर प्राधान्य असं ठेवा: आधी पाठीचं माप, मग कमरेचा पट्टा आणि फ्रेम, मग कापड आणि चेन. ब्रँड आणि रंग शेवटी.

मी आता ४५ लिटरची सॅक वापरतो. तीत जीन्स मावत नाही आणि आता नेतही नाही. पुढच्या वर्षी आम्ही तेच चौघे पुन्हा त्या सोंडेवरून गेलो. रूममेटने बुधला माचीवर पोहोचून कमरेचा खिसा थोपटून दाखवला. पंप तिथेच होता, लागला नाही.