जव्हार-मोखाड्यात पहाटेचा धूर दरीतच का बसतो?

हिवाळ्यात पहाटे जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर चुली पेटल्या की धूर वर जातच नाही, कौलांच्या उंचीवर पसरून राहतो. वारा पडलाय म्हणून, असं लोक सांगतात. ते अर्धं कारण. रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची जड हवा उतारावरून खोलगट भागात साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. ऊन चढेपर्यंत ते सुटत नाही.

धूर किती आणि कुठवर जाईल, हे काढायला गाउसचं सूत्र वापरतात. त्यात वाऱ्याचा वेग निम्मा झाला की धुराचं प्रमाण दुप्पट येतं. वेग शून्याकडे गेला की उत्तर अनंत! म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच गणित कोलमडतं. शिवाय वेग सेकंदाला २ मीटरखाली आला की वाऱ्याला धड दिशाही राहत नाही, धूर मागेही फिरतो. म्हणून मग धुराचे सुटे लोट मानून प्रत्येकाचा वेगळा माग काढतात. आयआयटी दिल्लीत मैथिली शरण आणि सहकाऱ्यांनी मंद वाऱ्याच्या गणितावर बरंच काम केलं. भोपाळची वायुगळतीही, २-३ डिसेंबर १९८४ ची, अशाच मंद वाऱ्याच्या रात्री झाली होती.

इथे खरा पेच राबाचा. वारा पडल्यावर राब पेटवला तर आग आवरते, पण धूर पाड्यातच कोंडतो. ऊन चढल्यावर पेटवला तर धूर वर उचलला जातो, मात्र ठिणगी सुक्या गवतात जायची भीती.