खोडलेलं आणि लपवलेलं

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस नांदेडहून एक ईमेल आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त तिथे एक स्मरणिका निघणार होती आणि तिच्यासाठी मी लातूरच्या बाजारपेठेवर लेख दिला होता. संपादक जुने परिचित. फाईल परत पाठवताना त्यांनी एवढंच लिहिलं होतं, ‘किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत. एकदा नजर टाका आणि ओके कळवा.’

माझा संगणक दुरुस्तीला गेला होता, म्हणून मुलीच्या लॅपटॉपवर फाईल उघडली. लेख सफाईदार वाटला. दोन-तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं होतं, एक लांब वाक्य तोडलं होतं. ‘ओके’ टाईप करणार, तोच डाव्या समासात एक बारीक तांबडी उभी रेघ दिसली. तिच्यावर क्लिक केलं आणि पानाचं रूपच पालटलं.

एक अख्खा परिच्छेद तांबड्या रेघेखाली आडवा पडला होता. सुंदरलाल समितीबद्दलचा. तो संपादकांनी खोडला होता. त्याच्या वर दोन वाक्यं निळ्या रेघेने खोडलेली होती. रझाकारांबद्दलची. त्यावर बोट नेलं तर खोडणाऱ्याचं नाव आलं. ते माझंच होतं.

आधी हा प्रकार काय असतो ते सांगतो. वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ चालू असलं की आपण खोडलेला शब्द जात नाही. त्याच्यावर रेघ पडते, कुणी आणि कधी खोडला याची नोंद राहते, दोन माणसांनी हात लावला असेल तर दोघांचे रंग वेगळे दिसतात. या रेघोट्यांच्या गर्दीत वाचवत नाही, म्हणून ‘रिव्ह्यू’मध्ये बघण्याच्या चार तऱ्हा दिल्या आहेत. ‘ऑल मार्कअप’मध्ये सगळं दिसतं. ‘सिंपल मार्कअप’मध्ये फक्त समासातली तांबडी रेघ दिसते. ‘नो मार्कअप’मध्ये सगळे बदल मान्य झाल्यासारखं स्वच्छ पान दिसतं. ‘ओरिजिनल’मध्ये एकही बदल झाला नव्हता तेव्हाचं पान. या चौघांपैकी कशानेही फाईलमधलं अक्षरसुद्धा बदलत नाही, बदलतं ते फक्त आपल्याला दिसणारं. बदल कायमचा करायचा तर त्यावर ‘अॅक्सेप्ट’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणावंच लागतं.

मी नेहमी ‘नो मार्कअप’ लावून लिहितो. जुलैमध्ये ती दोन वाक्यं खोडली तेव्हा पान स्वच्छ दिसलं आणि मला वाटलं, गेली. ती फाईलबरोबर नांदेडला पोचली होती. मी काय खोडलं, हे संपादकांनी माझ्याआधी पाहिलं होतं.

अशी फसगत माझ्यासारख्या साध्या लेखकाचीच होते असं नाही. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येचा तपास संयुक्त राष्ट्रांनी जर्मन वकील डेटलेव्ह मेहलिस यांच्याकडे दिला होता. ऑक्टोबर 2005मध्ये त्यांचा अहवाल पत्रकारांना वर्ड फाईलच्या रूपात मिळाला. कुणीतरी लपवलेले बदल उघडून पाहिले. एका साक्षीदाराने कट रचणारे म्हणून घेतलेली नावं शेवटच्या क्षणी खोडून त्यांच्या जागी नुसतं ‘वरिष्ठ लेबनीज आणि सीरियन अधिकारी’ असं घातलेलं होतं. खोडलेल्या नावांत सीरियाच्या राष्ट्राध्यक्षांचा भाऊ आणि मेहुणा होते. ती नावं काढायला कायदेशीर कारण असेलही. पण मूळ अहवालापेक्षा जगाने त्या खोडाखोडीचीच चर्चा जास्त केली.

मी संपादकांना फोन लावला. आवाज चढलेला होता, हे कबूल करतो. ते शांतपणे म्हणाले, “भाई, तुम्ही तुमच्या दोन ओळी खोडल्या, मी माझा एक परिच्छेद खोडला. झाला हिशेब.”

मला उत्तर सुचलं नाही. “उद्या बोलतो,” म्हणून फोन ठेवला.

त्या परिच्छेदात काय होतं? 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. त्यानंतर मुसलमानांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या दिल्लीला पोचू लागल्या. तेव्हा पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती संस्थानात आली. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर या काळात तिने 16 पैकी 9 जिल्हे पाहिले आणि जिथे जाता आलं नाही अशा शंभरावर गावांतल्या लोकांच्या जबान्या घेतल्या. पोलीस अॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून मृतांचा आकडा 18 हजारांहून कमी नाही, असं समितीने नोंदवलं.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा ते 1982 साली झालं. श्रीमंत कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांची ही मोठी पेठ. समिती सांगते की शहरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला तिथे जेमतेम तीन हजार भेटले. हजाराहून अधिक मारले गेले होते, उरलेले जीव घेऊन पळाले होते. बाजारपेठेच्या इतिहासात ही गोष्ट कशी वगळायची?

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. पण तो जाळलाही नाही. 1988मध्ये ओमर खालिदी यांनी संपादित केलेल्या पुस्तकात त्यातला काही भाग छापून आला. 2013मध्ये ए. जी. नूरानी यांनी हैदराबादवरच्या आपल्या ग्रंथात अहवाल दिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयातही तो पाहता येऊ लागला. तोवर दोन पिढ्या ‘नो मार्कअप’चं स्वच्छ पान वाचून मोठ्या झाल्या होत्या.

आता माझ्या दोन वाक्यांबद्दल. त्यांत लिहिलं होतं की रझाकारांचा प्रमुख कासिम रझवी याच लातूर शहरात वकिली करत होता, आणि 1948च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धाकाने भोवतालच्या गावांतली हिंदू कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. एवढंच. ती मी का खोडली? स्वतःला सांगितलेलं कारण होतं, विषय बाजारपेठेचा आहे, फाटे नकोत. खरं कारण वेगळं होतं. लेख घरात, नात्यात वाचला जाणार आणि कुणीतरी म्हणणार, आपल्याच माणसाने आपल्याविरुद्ध लिहिलं. जणू रझाकार म्हणजे आपण. शोएबुल्ला खान मुसलमानच होते. ‘इमरोज’ या आपल्या उर्दू दैनिकातून त्यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट 1948मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. त्यांचं नाव माझ्या पहिल्या मसुद्यातही नव्हतं. ते तर मी खोडण्याइतकंही लिहिलं नव्हतं.

त्या रात्री मला हदीसच्या जुन्या नकलनवीसांचा एक नियम आठवला. हस्तलिखितात चूक झाली तर ती काढायच्या तीन रीती होत्या. सुरीने कागद खरवडणं म्हणजे हक्क, ओली शाई पुसणं म्हणजे महव, आणि शब्दावर रेघ ओढणं म्हणजे जर्ब. काझी इयाज हे बाराव्या शतकातले अंदलुस-मोरोक्कोचे मोठे आलिम. त्यांनी या शास्त्रावर ‘अल-इल्मा’ नावाचं पुस्तक लिहिलं. ते सांगतात, जुने उस्ताद वाचनाच्या मजलिशीत सुरी आणू देत नसत. कारण आज चूक समजून खरवडलेला शब्द उद्या दुसऱ्या रिवायतीत बरोबर ठरू शकतो. म्हणून जर्ब बरी. तिच्यात चूक झाली हे दिसतं आणि खालचा शब्दही वाचता येतो. राहून गेलेला मजकूर हाशियावर लिहून त्याच्यापुढे ‘सह’ म्हणजे बरोबर, अशी खूण करत.

ज्यांनी हे शास्त्र घडवलं त्यांना आपलं पान घाणेरडं दिसायची लाज नव्हती. मला मात्र होती.

आपल्याकडे प्रत्येकाचं आवडतं पान ठरलेलं आहे. 17 सप्टेंबरच्या भाषणांत ‘नो मार्कअप’ असतं. झेंडा, हुतात्मे, मुक्ती. ती मुक्ती खरी होती, राजेशाही जाऊन लोकांचं राज्य आलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या काही घरांत ‘ओरिजिनल’ असतं. उस्मानिया, उर्दू, निजामाची तहजीब. पण ज्या राज्यात मोठ्या संख्येच्या प्रजेला आपल्या भाषेत कारभार मिळत नव्हता, ते पान कुणासाठी स्वच्छ होतं?

सकाळी फाईल पुन्हा उघडली. आधी निळ्या रेघेवर गेलो आणि स्वतःचा बदल ‘रिजेक्ट’ केला. दोन्ही वाक्यं जागेवर आली. मग फोन लावला.

“तुमचा हिशेब बरोबर नाही,” मी म्हणालो. “तुम्ही एक खोडायचं, मी एक खोडायचं, म्हणजे दोन्हीकडची माणसं गेली.”

आणि मग दादीची गोष्ट सांगितली. औसा तालुक्यात आमचं गाव. दादी त्या दिवसांना ‘पोलीस अॅक्शन’ म्हणायच्या. शेजारचे लिंगायत आजोबा त्याच वर्षाला ‘रझाकारी’ म्हणायचे. त्यांचं कुटुंब उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने सोलापूरकडे गेलं होतं. सप्टेंबरात परत आलं तेव्हा घराची दारंसुद्धा काढून नेलेली होती. त्याच बिनदाराच्या घरात, कणगीमागे, त्यांनी दादीला आणि तिच्या दोन लेकरांना अकरा दिवस ठेवलं. दादी सांगायच्या, “दरवाजा नहीं था, तो बुड्ढी अम्मा चौखट में बैठी रहती थी.”

यातलं रझाकारांचं वाक्य काढलं तर त्या घराला दार का नव्हतं ते कळत नाही. कत्तलीचा परिच्छेद काढला तर ती म्हातारी उंबऱ्यात का बसली ते कळत नाही. सुंदरलाल समितीनेही असे हिंदू नोंदवले आहेत. मुस्लिम विणकरांना वाचवताना हिंदू विणकरांनी स्वतःचे जीव दिल्याचं तिने लिहून ठेवलं आहे. कत्तल लपवली की ही माणसंही तिच्याबरोबर लपतात.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “भाई, हे लेखात का नाही?”

लेख छापून आला. परिच्छेद निम्मा झाला, पण लातूरचे आकडे राहिले. माझी दोन वाक्यं राहिली. दादी आणि शेजारच्या अम्मा आल्या, शोएबुल्ला खान आले. दोन्ही बाजूंच्या नाराजीचे फोन आले, ते येणारच होते. छापलेल्या पानावर एकही रेघ नाही.

ती फाईल मात्र मी ठेवली आहे. तांबड्या-निळ्या रेघांसह, ‘ऑल मार्कअप’ लावून. लेख लिहायला बसलो की आधी ती उघडतो आणि निळ्या रंगाकडे बघतो.