दोष कबूल करण्याची किंमत

रस्ता सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा चालकाचा बेदरकारपणा, रस्त्यांतील खड्डे आणि फार तर परिवहन कार्यालयाचा कारभार येथपर्यंत येऊन थांबते. वाहन कारखान्यातून बाहेर पडतानाच सदोष असू शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही. असा दोष लक्षात आल्यावर निर्मात्याने काय करावे, या प्रश्नालाही एक इतिहास आहे आणि तो प्रशासनाशी निगडित आहे.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर बाजार नीट चालत नाही. नव्या मोटारीलाही हे लागू आहे. ग्राहकाला फक्त आपल्या गाडीतला बिघाड दिसतो. शेकडो तक्रारी एकत्र पाहून त्यामागचा समान दोष ओळखणे कंपनीलाच शक्य असते. अशा वेळी बोलावे की गप्प राहावे, याचा हिशेब कंपनी करते.

या हिशेबाचे सर्वांत गाजलेले उदाहरण फोर्डचे. अपघातात इंधनगळती रोखणाऱ्या प्रस्तावित नियमाला विरोध करताना कंपनीने 1973 साली अमेरिकी नियामकांपुढे आकडे मांडले. सुधारणेचा खर्च दर गाडीमागे 11 डॉलर, एकूण सुमारे 13 कोटी 70 लाख डॉलर. वाचणाऱ्या जिवांचे व टळणाऱ्या जखमांचे मूल्य सुमारे 4 कोटी 95 लाख डॉलर. एका मृत्यूची किंमत 2 लाख डॉलर धरली होती. लोकांनी त्याबद्दल कंपनीला दूषणे दिली. पण तो आकडा सरकारी संस्थेनेच काढलेला होता, हे आपल्यासारख्या प्रशासकांनी विसरू नये. पुढे सरकारी तपासाच्या रेट्यामुळे 1978 मध्ये फोर्डला पिंटो आणि तिच्या जुळ्या मॉडेलच्या सुमारे 15 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

हिशेबाइतकाच महत्त्वाचा शब्दांचा खेळ. इग्निशन स्विचच्या दोषामुळे 2014 साली जनरल मोटर्सची चौकशी झाली, तेव्हा कर्मचाऱ्यांसाठीचे 2008 चे एक सादरीकरण उजेडात आले. ‘दोष’ असे लिहू नका, ‘रचनेनुसार काम करत नाही’ असे लिहा, अशी त्यात शिकवण होती. त्या स्विचमुळे झालेल्या 124 मृत्यूंसाठी कंपनीला अखेर भरपाई द्यावी लागली.

आपल्याकडे काय घडले? 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने नुकसान झालेल्या ग्राहकाला दाद मागण्याचे व्यासपीठ दिले. या कायद्यामागे मोठी चळवळ होती. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापन केली, तर मी सध्या राहतो त्या जयपुरात 1983 मध्ये ‘कट्स’ ही संस्था उभी राहिली. मात्र अपघात होण्यापूर्वीच सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद 1988 च्या मोटार वाहन कायद्यातही नव्हती. सारे कंपनीच्या मर्जीवर होते.

2010 हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारीत मारुतीने इंधनगळतीच्या शक्यतेमुळे 1 लाख ए-स्टार गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नॅनो गाड्यांना आगी लागण्याच्या काही घटना घडल्या. त्यातली एक गाडी मुंबईत नुकतीच शोरूममधून घरी नेली जात होती. नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सने 70,000 हून अधिक गाड्यांना जादा सुरक्षा उपकरणे मोफत बसवून देण्याचे जाहीर केले, पण हे ‘रिकॉल’ नव्हे, असे आवर्जून सांगितले. त्या महिन्यात अवघ्या 509 नॅनो विकल्या गेल्या. त्याला इतरही कारणे होती. तरीही एक शब्द टाळल्याने ग्राहकाची भीती टळत नाही, एवढे नक्की.

जुलै 2012 मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेने पाळायची संहिता आणली. खरा बदल झाला तो 2019 च्या दुरुस्ती कायद्याने. नव्या कलम 110-अ नुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दुरुस्ती करणे, गाडी बदलून देणे किंवा पूर्ण किंमत परत करणे कंपनीवर बंधनकारक होऊ शकते, शिवाय दंड वेगळा. मला त्यातले चौथे उपकलम विशेष मोलाचे वाटते. निर्मात्याने स्वतःहून दोष कळवून गाड्या परत बोलावल्या तर हा दंड माफ! मौन महाग आणि कबुली स्वस्त करणारी ही तरतूद आहे. एप्रिल 2022 मध्ये विजेच्या स्कूटरना लागलेल्या आगींनंतर याचा थोडा प्रत्यय आला. सरकारने कारवाईचा इशारा देताच ओलाने 1,441 स्कूटर ‘स्वेच्छेने’ परत बोलावल्या.

तरीही एक उणीव राहते, आणि ती महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांशी थेट संबंधित आहे. कंपनीचे पत्र तिच्या दप्तरातील पत्त्यावर जाते. पुण्यात घेतलेली गाडी बदलीबरोबर जयपूरला येते, मालकाचा फोन बदलतो, पुढे गाडी दुसऱ्याला विकली जाते. 2021 पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेने बदलीच्या नोकरीतील माणसाची पुनर्नोंदणीची यातायात वाचवली. पण परतबोलावणीचे पत्र नव्या घरापर्यंत पोहोचेल याची हमी त्यातून मिळत नाही. सदोष एअरबॅगची गाडी मग वर्षानुवर्षे तशीच धावत राहते.

जर्मनीत गंभीर दोषाची दुरुस्ती न करून घेणाऱ्याला ते वाहन रस्त्यावर आणण्यास मनाई होऊ शकते. आपण एवढे कठोर होण्याआधी एक सोपे पाऊल उचलता येईल. ‘वाहन’ या सरकारी नोंदप्रणालीत चॅसिस क्रमांकासमोर प्रलंबित दुरुस्ती दिसावी, आणि विम्याच्या नूतनीकरणाच्या वा मालकी हस्तांतरणाच्या वेळी ती मालकाला कळवली जावी. तोवर आपण आपल्या गाडीचा चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावा, अधिकृत विक्रेत्याकडे पत्ता व फोन बदलून घ्यावा, आणि जुनी गाडी घेताना ही चौकशी अवश्य करावी. कायद्याने कंपनीला बोलते केले. तिचे बोलणे मालकापर्यंत पोहोचवण्याचे काम अजून बाकी आहे.