फोकस : बोटांकडून मोटरकडे



दुर्बिणीचा इतिहास आपण ऐकतो तो बहुतेक वेळा भिंगांचा आणि आरशांचा असतो. कुणी किती इंची आरसा घासला, कुठल्या डोंगरावर केवढी वेधशाळा उभी राहिली, वगैरे. आज मी बोलणार आहे ते दुर्बिणीच्या एका छोट्या भागाबद्दल. नेत्रिका किंवा कॅमेरा ज्यात बसतो आणि जो पुढं-मागं सरकवून आपण प्रतिमा स्पष्ट करतो, तो फोकसर. त्याला आता मोटर लागलेली असते, आणि बरेच हौशी निरीक्षक ती मोटर स्वतः बसवतात. ही मोटर तिथं आली कशी, आणि ती आपल्याला उघडता येते, बदलता येते हे कुणामुळं, असे दोन प्रश्न आज घेऊ.

सुरुवात गॅलिलिओपासून. १६०९ साली त्यानं दुर्बीण आकाशाकडं वळवली, तेव्हा फोकस करायचं म्हणजे एका नळीत बसलेली दुसरी नळी हातानं ओढायची किंवा ढकलायची. बस्स, एवढंच. पुढं अठराव्या शतकात जेम्स शॉर्ट हा स्कॉटिश कारागीर परावर्ती दुर्बिणी बनवायचा. त्याच्या दुर्बिणीत नळीला समांतर एक लांब दांडी असे. तिच्या टोकाला आटे असत. मागं बसून दांडी पिळली की पुढचा छोटा आरसा अगदी हळू सरकायचा. नंतर पितळी दुर्बिणींवर दात्यांची पट्टी आणि दातेरी चक्र सर्रास दिसू लागलं. गुंडी फिरवा, नळी सरकते.

आता बघा, जवळजवळ अडीचशे वर्षं एवढ्यावर भागलं. का भागलं? कारण बघणारा डोळा होता. डोळ्यातलं भिंग स्वतःच आकार बदलतं, निदान तरुणपणी तरी. फोकस थोडा इकडंतिकडं असला तरी डोळा सांभाळून घेतो, आपल्याला कळतही नाही. शिवाय हवा हलत असते. तारा क्षणभर स्पष्ट दिसतो, पुन्हा पसरतो, आणि मेंदू त्यातले चांगले क्षण तेवढे निवडून ठेवतो.

फोटोची काच असं काही सांभाळून घेत नाही. १८४० साली जॉन विल्यम ड्रेपरनं न्यूयॉर्कमध्ये चंद्राचा डॅगेरोटाइप घेतला. पुढच्या चाळीसएक वर्षांत काचा सुधारल्या आणि १८८० साली त्याच्या मुलानं, हेन्री ड्रेपरनं, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं. अशा कामात फोकस चुकला तर तो काच धुतल्यावर कळणार. तोवर रात्र गेलेली. म्हणून डोळ्याच्या अंदाजापेक्षा भरवशाची कसोटी शोधणं भाग पडलं. फ्रान्समध्ये लेऑं फूकोनं १८५०च्या दशकाच्या अखेरीस आरसे तपासायला एक युक्ती काढली होती. किरण जिथं एकवटतात तिथं सुरीची धार आडवी आणायची. धार नेमक्या जागी असेल तर सगळा आरसा एकदम काळवंडतो. नसेल तर सावली एका बाजूनं सरकत येते. ही धार तारा बघून फोकस ठरवायलाही चालते. नंतर, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, जर्मनीत पॉट्सडॅमला योहानेस हार्टमाननं भिंगापुढं भोकं पाडलेला पडदा ठेवला. फोकस नसेल तर एका ताऱ्याचे अनेक ठिपके दिसतात. फोकस जुळला की ते एक होतात.

या दोन्ही युक्त्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. ‘मला छान दिसतंय’ या मताच्या जागी त्यांनी कुणालाही तपासता येईल अशी खूण ठेवली. पुढं यंत्राला जे काम देता आलं, त्याची पायाभरणी इथं झाली.

आता थोडं गणित करू, म्हणजे मोटर का लागते ते कळेल. समजा तुमची आठ इंची, एफ पाचची दुर्बीण आहे, म्हणजे केंद्रांतर साधारण एक मीटर. अशा दुर्बिणीत फोकसची जागा हा एक बिंदू नसतो, एक छोटा पट्टा असतो. त्या पट्ट्यात कॅमेरा असला तर चित्र स्पष्ट. हिरव्या-पिवळ्या प्रकाशासाठी हा पट्टा सुमारे ६७ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा. एफ दहाच्या दुर्बिणीत तो चौपट रुंद असतो, एफ चारला आणखी अरुंद.

आणि नळी ॲल्युमिनियमची असेल तर? एक मीटर ॲल्युमिनियम तापमान एक अंश उतरलं की २३ मायक्रॉन आकसतं. म्हणजे तीन अंशांत सगळा पट्टा संपला! आपल्याकडं हिवाळ्यात रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत पारा सात-आठ अंश सहज उतरतो. संध्याकाळी जीव ओतून केलेला फोकस मध्यरात्रीपर्यंत टिकत नाही, त्याचं कारण हे. बरं, पुन्हा फोकस करायला गुंडीला बोट लावलं की दुर्बीण थरथरते. ती स्थिरावेपर्यंत थांबा, बघा, परत हात लावा. यात रात्र निघून जाते.

मोटर बसवायच्या आधी मात्र तिला बसायला नीट जागा हवी होती, आणि ती जागा ब्रिटनमधल्या एका हौशी मंडळात तयार झाली. लंडनच्या आग्नेयेला क्रेफर्ड नावाची वस्ती आहे. तिथल्या खगोल मंडळाचे सदस्य जॉन वॉल यांना दात्यांचा त्रास नको होता. दाते म्हटले की त्यांच्यात फट आली. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत, गिअरमध्ये ‘प्ले’ आला. गुंडी उलटी फिरवली की थोडा वेळ काहीच हलत नाही, आणि मग नळी एकदम सरकते, वर जराशी कलतेही. वॉल यांनी दातेच काढून टाकले. नळी चार बेअरिंगांवर टेकवली आणि समोरून एक गुळगुळीत शाफ्ट तिच्यावर दाबून धरला. शाफ्ट फिरला की निव्वळ घर्षणानं नळी सरकते. प्ले नाही, कलणं नाही, आणि बनवायला अवघड काही नाही.

त्यांनी याचं पेटंट घेतलं नाही. १९७१ साली ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रचना छापून दिली, पुढच्या वर्षी ती ‘स्काय अँड टेलिस्कोप’मध्ये आली, आणि जगभरच्या लोकांनी ती उचलली. आज बाजारात ‘क्रेफर्ड फोकसर’ या नावानं जे काही विकलं जातं, त्याचं मूळ हे आहे. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन फूटपाथवर लोकांना शनी दाखवत होते. तिथल्या वेदान्त सोसायटीच्या मठात त्यांनी वीसहून जास्त वर्षं काढली होती. पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूड वापरून स्वस्त दुर्बीण कशी करायची, हे तेही सगळ्यांना मोकळेपणानं शिकवत राहिले. दुर्बिणीच्या नकाशावर कुलूप न लावणारी ही पिढी होती.

आता मोटर. पहिल्यांदा आल्या त्या साध्या डीसी मोटरी. हातात बटणांची डबी, दाबलं की पुढं, दुसरं दाबलं की मागं. हात लागत नाही म्हणून थरथर गेली, हा मोठा फायदा. पण अशा मोटरला आपण कुठं आहोत हे माहीत नसतं. ‘मघाच्या जागी परत जा’ असं तिला सांगता येत नाही.

स्टेपर मोटरला ते सांगता येतं. ती पावलं मोजत चालते. नेहमीची स्टेपर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. आता हिशेब करा. फोकसरचा शाफ्ट सहा मिलिमीटरचा असेल तर एका फेऱ्यात नळी जवळपास १९ मिलिमीटर सरकते. भागिले २००, म्हणजे एका पावलाला ९४ मायक्रॉन. आपला पट्टा ६७चा! एकच पाऊल, आणि आपण पट्ट्याच्या पार. म्हणून मध्ये गिअर लागतो. बाजारात एक फार स्वस्त, पाच व्होल्टची छोटी स्टेपर मिळते, २८बीवायजे-४८. तिच्यात गिअर आतच असतो, आणि बाहेरच्या दांड्याच्या एका फेऱ्याला २०४८ पावलं पडतात. ती शाफ्टला जोडली की एक पाऊल सुमारे नऊ मायक्रॉनचं. पट्ट्यात सात पावलं बसतात. एवढं पुरतं.

जोडताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. या मोटरच्या गिअरलाही प्ले असतोच, म्हणजे वॉल यांनी बाहेर काढलेला पाहुणा मागच्या दारानं घरात आला. त्यावर उपाय जुनाच आहे. शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेनं करायची, शक्यतो कॅमेऱ्याचं वजन उचलत. उलट जायचं असेल तर जरा पुढं जाऊन परत यायचं. दुसरी गोष्ट, मोटर जोडली की तिचा गिअर शाफ्ट धरून ठेवतो, हातानं गुंडी फिरत नाही. म्हणून जोडणी एका स्क्रूवर सुटेल अशी ठेवावी. तिसरी गोष्ट घर्षणाची. जड कॅमेरा लावला आणि नळी घसरली, तर मोटर आपली पावलं मोजत राहते आणि नळी असते भलतीकडं. म्हणून जड कॅमेरे आले तसे काही उत्पादक पुन्हा दात्यांच्या पट्टीकडं वळले, अर्थात आता जास्त बारकाईनं कापलेल्या.

मोटर हलू लागली, पण कुठं थांबायचं ते कोण सांगणार? १९६९ साली बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली होती. १९९०च्या सुमारास असे कॅमेरे हौशी लोकांच्या हाती आले आणि ताऱ्याचा आकार थेट आकड्यात मोजता येऊ लागला. फोकसपासून लांब तारा मोठा, जवळ येताना लहान, पलीकडं गेल्यावर पुन्हा मोठा. आलेख काढला की इंग्रजी व्ही अक्षर दिसतं. गंमत अशी की तळाशी हवेच्या हलण्यानं आकडे डळमळतात, पण दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेघा पक्क्या असतात. त्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं फोकस. लॅरी वेबर आणि स्टीव्ह ब्रेडी यांनी ‘फोकसमॅक्स’ या प्रणालीत हेच तत्त्व वापरलं. याच सुमारास ‘ॲस्कॉम’ हा सामाईक संकेत आला, म्हणजे कुठलाही फोकसर आणि कुठलंही सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलू शकतं. २००५ साली रशियातल्या पावेल बाख्तिनोव यांनी दुर्बिणीच्या तोंडावर लावायची एक पट्ट्यापट्ट्यांची जाळी सगळ्यांसाठी खुली केली. ताऱ्यातून तीन रेषा निघतात, मधली बरोबर मध्ये आली की फोकस झाला. पुठ्ठा कापूनही ती करता येते. त्याच वर्षी इटलीत आर्डुइनो जन्मला, तोही खुल्या आराखड्याचा. मोटर, आर्डुइनो, नळीला चिकटवलेला एक तापमापक, एवढ्यावर आज स्वतःचा फोकसर उभा राहतो. चार-पाच वेगवेगळ्या तापमानांना फोकसची जागा लिहून ठेवायची. एका अंशाला किती पावलं ते कळलं की पुढचं यंत्र करतं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप सुंदर फोटोंसाठीच ना? नाही. हौशी निरीक्षक रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता मोजतात. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११पासून अशी निरीक्षणं गोळा करते आहे. परग्रह ताऱ्यासमोरून जाताना होणारी किंचित घटही हौशी लोक टिपतात. मोजताना ताऱ्याभोवती एक वर्तुळ आखतात आणि त्यातला प्रकाश मोजतात. रात्री फोकस सरकला, तारा पसरला, तर प्रकाश वर्तुळाबाहेर सांडतो. तुलनेचे तारेही पसरतात म्हणून थोडं सावरतं, पण शेजारी दुसरा तारा असेल तर त्याचा प्रकाश आत शिरतो आणि सगळा हिशेब चुकतो. म्हणजे नळी आकसली आणि आलेखात दिसला आकाशातला बदल. इथं फोकस हा निरीक्षणाच्या खरेपणाचा प्रश्न होतो.

मोटरची मर्यादाही इतिहासानंच दाखवली आहे. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉननं जास्त सपाट घासला गेला होता. दुय्यम आरसा मोटरनं हलवून फोकस बदलायची सोय होती, ती वापरून पाहिली. पण सगळे किरण एकत्र येतील अशी जागाच नव्हती. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली तेव्हा चित्र सुधारलं. दुरुस्ती शक्य झाली, कारण हबल उघडता येईल, तिचे भाग बदलता येतील, अशीच बांधली होती.

माझा मुद्दा याच शब्दापाशी येतो. उघडता येणं. आज तयार मोटर-फोकसर छान मिळतात आणि ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावेत. पण काहींचं झाकण चिकटवलेलं असतं, आतला संकेत गुप्त असतो, आणि कंपनीनं सॉफ्टवेअर बंद केलं की चांगली चालणारी मोटर कपाटात जाते. आज मी सांगितलेल्या वाटेवर वॉल होते, बाख्तिनोव होते, आर्डुइनोवाले होते. प्रत्येकानं आपलं काम पुढच्याच्या हातात मोकळं दिलं, म्हणून पुढच्याला त्यावर काही चढवता आलं.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून काम करते आहे, आयुकात दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होतात. अशा ठिकाणी मुलं आरसा घासायला शिकतात. त्यांनी फोकसरही खोलून बघावा, पावलं मोजावीत, आपल्या नळीचा आकडा काढावा, आणि तो वहीत लिहून पुढच्या मुलाला द्यावा, एवढंच मला सुचवायचं आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.