कुंडीतला वाटाणा आणि नऊशे साठ चित्रे

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगायला बसले, की आपले बोट आपोआप ३ मे १९१३ या तारखेवर जाते. त्या दिवशी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. एखादा जाणकार लगेच दादासाहेब तोरण्यांच्या ‘पुंडलिक’ची आठवण करून देतो. तो त्याच थिएटरात वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी झळकला होता. मग ‘पहिला कोण’ हा वाद रंगतो. या वादात मला आज शिरायचे नाही. याच सुमारास मुंबईत एका कुंडीत वाटाण्याचा वेल वाढत होता आणि त्याच्यासमोर एक कॅमेरा रोवलेला होता. मला बोलायचे आहे ते त्या वेलाबद्दल.

धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्रांत या वेलाला दोन-चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. लंडनहून यंत्रसामग्री घेऊन आलेल्या फाळक्यांनी भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी कुंडीत वाटाणे पेरले, महिनाभराहून अधिक काळ वेलाची चित्रे टिपली आणि बी फुटून वेल होईपर्यंतची सारी वाढ मिनिटभराच्या फितीत दाखवली. या फितीचे नाव ‘अंकुराची वाढ’. हकीकत सांगून झाली, की चरित्रकार लगबगीने हरिश्चंद्राकडे वळतो. माझे म्हणणे असे, की इथे थोडे थांबायला हवे. चित्रांतून हालचाल टिपणे आणि चित्रांतून हालचाल घडवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. त्यांपैकी दुसरी आपल्याकडे कॅमेऱ्याच्या साहाय्याने कशी रुजली, ते या कुंडीत दिसते.

टिपणे आणि घडवणे

हा फरक समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. १८३२-३३ च्या सुमारास बेल्जियममध्ये प्लॅटो आणि ऑस्ट्रियात श्टाम्फर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच खेळणे तयार केले. गोल तबकडीच्या कडेला थोड्या थोड्या फरकाची चित्रे काढायची, मधे फटी ठेवायच्या आणि तबकडी आरशासमोर फिरवून फटींतून पाहायचे. चित्रातला नर्तक गिरकी घेऊ लागतो. इथे टिपलेले काहीच नव्हते. ती गिरकी कुणीही कधी घेतली नव्हती, ती चित्रकाराने कागदावर रचली होती.

टिपण्याचे काम पुढे कॅमेऱ्याने केले. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, हे त्यातून सिद्ध झाले. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. तो सेकंदाला बारा चित्रे घेई. या दोघांना मुख्यतः हालचालीचे तुकडे हवे होते. डोळ्याला न दिसणारे पाहायचे, तर गती थांबवावी लागते.

गंमत पुढेच आहे. मायब्रिजला हे तुकडे पडद्यावर पुन्हा जोडून दाखवायचे होते, म्हणून त्याने फिरत्या काचेच्या तबकडीचे यंत्र बनवले. त्या तबकडीवर मात्र छायाचित्रे नव्हती. छायाचित्रांवरून हाताने रंगवलेली चित्रे होती, आणि त्यांतले घोडे मुद्दाम लांबट काढलेले होते. यंत्राच्या रचनेमुळे पडद्यावर आकृती आखूड दिसे, म्हणून ती आधीच ताणून ठेवायची. घोडा खरा धावावा म्हणून चित्रकाराला तो खोटा काढावा लागला. टिपणे संपते आणि घडवणे सुरू होते, ते इथे.

१८९२ हे वर्ष तर मला फारच बोलके वाटते. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला पॅरिसच्या म्युझे ग्रेव्हँमध्ये एमिल रेनोने आपले ‘प्रकाशनाट्य’ सुरू केले. त्यातल्या एका खेळासाठी त्याने ५०० चित्रे हाताने रंगवली होती. ती एका लांब पट्टीत बसवून, पट्टीला भोके पाडून, चाकावरून फिरवली जात. ल्युमिएर बंधूंचा खेळ यायला तेव्हा तीन वर्षे होती. आणि त्याच १८९२ मध्ये कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी आपल्या ‘शांभरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पडत आणि निवेदनाच्या साथीने कथा पुढे सरके. नावातला शंबर म्हणजे मायावी शंबरासुर. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी कल्याणात आणि पॅरिसमध्ये एकाच वर्षी लोक अंधारात बसून हाताने रंगवलेली चित्रे हलताना पाहत होते.

आपल्याकडे हे अगदीच नवखे नव्हते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, चामड्याच्या बाहुल्या आहेत. चित्रकथीत चित्र जागचे हलत नाही. हलवतो तो सांगणाऱ्याचा आवाज. पण तिथे दोन चित्रांमधली जागा कथेने भरलेली असते. ती जागा यंत्राने भरायची, तर वेगळे गणित लागते.

ते गणित काय? आपल्या शाळेच्या पुस्तकांत ‘दृष्टिसातत्य’ असा शब्द असतो. एक चित्र डोळ्यात रेंगाळते, तेवढ्यात दुसरे येते, म्हणून हालचाल दिसते, असे त्याचे स्पष्टीकरण. ते अपुरे आहे. चित्रे नुसती एकावर एक रेंगाळली, तर गिचमिड दिसेल, चाल दिसणार नाही. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ठरावीक अंतराने दोन जागी उजेड दिसला, की आपल्याला मधली हालचाल दिसते; प्रत्यक्षात ती झालेलीच नसते. ती मेंदू घडवतो. त्याचा हा निबंध १९१२ सालचा, म्हणजे फाळक्यांनी लंडनहून यंत्रे आणली त्याच सालचा.

छापखान्यातला माणूस

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्या पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. हे टिपणे होते. कुस्ती जेवढा वेळ चालली, तेवढाच वेळ हँडल फिरले. जगातला वेळ आणि पडद्यावरचा वेळ एकच.

फाळके वेगळ्या वाटेने आले. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला छायाचित्रणाचा धंदा, जादूचे प्रयोग, पुराणवस्तू खात्यातली नोकरी आणि मग छापखाना. यातल्या छापखान्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते. तीन रंगांच्या छपाईत एकाच चित्राचे तीन ठसे होतात. ते कागदावर एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. छापखान्याच्या भाषेत याला रजिस्टर जुळणे म्हणतात. केसभर हलले, की चेहऱ्याला दोन ओठ. चित्र फोडायचे आणि पुन्हा असे जोडायचे, की सांधा दिसू नये, हे ज्याच्या बोटांत बसलेले आहे, त्याला चित्रफितीचे मर्म लवकर कळणार. तिथेही प्रत्येक चौकट मागच्या चौकटीवर अचूक बसली नाही, तर पडदा थरथरतो.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. पैशासाठी बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार उभे केले होते. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय येई. ती अंधाऱ्या खोलीत बसून यंत्रावर पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. चौकटीच्या प्रत्येक बाजूला चार भोके. ती सारखी पडली, तरच कॅमेऱ्याचे दाते फिल्मला नेमके तेवढेच ओढतात. रजिस्टर जुळवण्याचे छापखान्यातले काम घरात आले होते, आणि ते त्या बाईंच्या हातांवर अवलंबून होते.

दिवसाला एक चित्र?

आता पुन्हा कुंडीकडे. ‘फाळक्यांनी महिनाभर रोज एक चित्र घेतले’ असे अनेकदा सांगितले जाते. मी कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब मांडून पाहिला. मूकपटाच्या काळात फीत साधारण सेकंदाला १६ चौकटी या वेगाने चाले. रोज एक या दराने तीस दिवसांत तीस चौकटी होतात. म्हणजे वेल पडद्यावर दोन सेकंदही टिकणार नाही. मिनिटभराच्या फितीला १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चौकटी लागतात.

तीस दिवसांत ९६० म्हणजे दिवसाला ३२. रात्रंदिवस धरले, तर दर पाऊण तासाला एक. फक्त दिवसाच्या बारा तासांत बसवायचे, तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. आणखी एक मार्ग आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात सहसा आठ चौकटी सरकत. दिवसातून चार वेळा एकेक पूर्ण फेरा दिला, तरी ९६० भरतात. पण मग पडद्यावर वेल दर अर्ध्या सेकंदाला एक उडी मारील. ज्याला सावकारांपुढे जादू दाखवायची आहे, त्याला अशा उड्या परवडत नाहीत. ‘रोज एक’ ही कथा सोपी आहे, पण ती त्या कामातला निम्मा घाम पुसून टाकते.

हिशेबावर समाधान होईना, म्हणून मी खिडकीत वाटाणे पेरून मोबाइल फोन रोवला आणि वीस मिनिटांच्या अंतराने चित्रे घेतली. फोन स्वतःच चित्र घेतो, त्यामुळे मला जागावे लागले नाही. तरी दोन गोष्टी कळल्या. पहिली उजेडाची. ढग आला, की पडद्यावर लुकलुकाट होतो. मिनिटभरात महिन्याचे सारे ढग धावून जातात. दुसरी वेलाची. वाटाण्याचा शेंडा सरळ वर चढत नाही, तो आधार शोधत गोल फिरतो. डार्विनने वेलींवरच्या आपल्या अभ्यासात नोंदवले आहे, की वाटाण्याचा असा एक फेरा साधारण दीड तासात पुरा होतो. दिवसाला एकच चित्र घेतले, तर शेंडा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, वेड्यासारखा उडताना दिसेल. तो शोधतो आहे हे दिसायला हवे, तर चित्रे जवळजवळची लागतात.

दोन चित्रांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, हे इथे करणारा ठरवतो. सावेदादांच्या कुस्तीत तो निर्णय मल्लांच्या हाती होता. कुंडीपुढे तो फाळक्यांच्या हाती आला. वनस्पतींची अशी चित्रे जर्मनीत विल्हेल्म प्फेफर या शास्त्रज्ञाने एकोणिसावे शतक संपताना घेतली होती, आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथची उमलत्या फुलांची फीत १९१० मध्ये लोकांनी पाहिली होती. फाळक्यांनी ही कल्पना प्रथम शोधली, असा माझा दावा नाही. त्यांनी ती मुंबईत, घरच्या माणसांना हाताशी धरून सिद्ध केली, आणि तिच्यावर कर्ज उभे केले. फीत पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे पैसे द्यायला तयार झाले. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या भांडवलात त्या वेलाचाही वाटा आहे.

आगकाड्या आणि पुढे

ही विद्या त्यांनी एकदा वापरून सोडली नाही. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काड्या मांडायच्या, एक चौकट घ्यायची, काड्या तसूभर सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ पडद्यावर आणला होता. कुंडीत वेल स्वतः वाढत होता, माणसाने फक्त वाट पाहायची होती. काडीला मात्र जीव नाही. तिची प्रत्येक हालचाल बोटांनी द्यावी लागते. पण दोन्हीकडे हँडल थांबते ते सारख्याच कारणासाठी, आणि प्रेक्षकाच्या डोक्यात घडते तेही सारखेच. म्हणून वेल आणि काड्या ही एकाच अभ्यासाची दोन पाने आहेत, असे मी मानतो.

त्यानंतरची वाट आपल्याला तुटक तुटक दिसते. १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हे व्यंगचित्र पडद्यावर आणले. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला आणि डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्या विभागाचा ‘द बनियन डीअर’ १९५७ चा. पुढच्या पिढ्यांतल्या अनेकांची सुरुवात तिथून धरली जाते. फाळक्यांच्या काड्या त्या वंशावळीत सहसा येत नाहीत.

याचे एक कारण साधे आहे. ‘अंकुराची वाढ’ आज पाहायला मिळत नाही, ‘आगकाड्यांची मौज’ही नाही. नायट्रेटची फिल्म पेट घेते, सडते, चांदीसाठी वितळवलीही जाते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांचा मोठा भाग गेला होता. रेनोचे नशीबही वेगळे नव्हते. चित्रपटाच्या लाटेत त्याचा खेळ बुडाला आणि निराशेच्या भरात त्याने आपल्या बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकून दिल्या.

दुसरे कारण मात्र आपले आहे. आपण चित्रपटाचा इतिहास कथांचा इतिहास म्हणून लिहितो. हरिश्चंद्र, मोहिनी, श्रीकृष्ण, कालिया असे चालत जातो. कथेला पात्रे असतात, तिची आठवण राहते. वाटाण्याच्या वेलाला ना पात्र, ना संवाद. पण फाळक्यांना कथा सांगता येते, हे कर्ज देणाऱ्यांनी तेव्हा पाहिलेलेच नव्हते. त्यांनी पाहिले ते एवढेच: मातीतून हिरवा कोंब वर आला, वळला, चढला, आणि हे सारे मिनिटभरात झाले. समोर चाललेले टिपता येते, हे मुंबईला १८९६ पासून ठाऊक होते. जे कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, ते चित्रांनी घडवून दाखवता येते, हे त्या वेलाने दाखवले. तारखांचा वाद आपण खुशाल चालू ठेवू. त्या यादीत कुंडीतल्या वेलासाठी एक ओळ मोकळी ठेवावी, एवढेच मागणे आहे, आणि त्या ओळीत फिल्मला भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाईंचेही नाव असावे.