हात कोणाचे? प्रेस्बितेरियोन आणि तंजावर

आज तंजावरची गोष्ट मी एका ग्रीक शब्दापासून सुरू करतो: प्रेस्बितेरियोन. नव्या करारात तो फक्त तीनदा येतो. लूक 22 आणि प्रेषितांची कृत्ये 22 मध्ये तो यरुशलेमेतल्या यहुदी वडिलांच्या सभेसाठी आहे, तर 1 तीमथ्य 4:14 मध्ये ख्रिस्ती मंडळीतल्या वडिलांसाठी. 'प्रेस्बितेरोस' म्हणजे वयाने मोठा. आपल्या 'वडील' शब्दासारखंच. आधी वय, मग मान, मग अधिकार. पण प्रेस्बितेरियोन एकट्याला म्हणता येत नाही, ती सभाच. आणि गंमत बघा, या सभेने हात ठेवले ते तरुण तीमथ्यावर! दुसऱ्या पत्रात (1:6) मात्र हात पौलाचे. मग अधिकार दिला कोणी, गुरूने की सभेने? बिशपवाले आणि प्रेस्बिटेरियन यांचा जुना वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

1733 साली, तंजावरच्या मराठी राज्याला लागून असलेल्या डॅनिश तरंगमबाडीत आरोन या तमिळ उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. लुथरन मिशनमध्ये भारतीयाला ती प्रथमच मिळत होती. हात ठेवणारे युरोपीय होते, हे मला खुपतं.

दरबारातही सभा होतीच, पंडितांची. 1787 मध्ये पंडितांनी सरफोजींचं दत्तक अवैध ठरवलं आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढे इतर पंडितांनी उलट मत दिलं. 1798 मध्ये सरफोजी राजे झाले. त्यांची बाजू लावून धरणारा श्वार्ट्झ स्वतः 1749 साली कोपनहेगनमध्ये डोक्यावर हात ठेवून घेतलेला पाळक होता.